दोन क्रेडिटचे पाहुणे नकोत, वर्षभराचे सोबती हवेत : विद्यापीठे आणि आपल्या वस्तीतल्या शाळा

२८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. गेली काही वर्षे या दिवसाच्या आसपास आमच्या वस्तीतल्या महापालिकेच्या शाळेसमोर एखाद्या कॉलेजची बस येऊन उभी राहते. तीस-चाळीस विद्यार्थी उतरतात, फाटकावर बॅनर लागतो. दोन तास प्रयोग दाखवले जातात, थोडे गणित शिकवले जाते, मुलांना बिस्किटाचे पुडे आणि पेन मिळतात. मग सगळ्यांना बॅनरमागे उभे करून फोटो काढतात आणि बस निघून जाते. मी या वस्तीत काम करते, त्यामुळे बस गेल्यानंतरचे दिवसही मला दिसतात. गेल्या वर्षी अशाच एका भेटीनंतर तीन आठवड्यांनी नववीतली एक मुलगी विहारातल्या अभ्यासिकेत माझ्याजवळ येऊन म्हणाली, "ताई, ते लोक परत कधी येणार? त्या दादाने मला समीकरण अर्धंच शिकवलं होतं."

ते परत आले नाहीत. त्या कॉलेजचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण बहुतेक ठिकाणी असेच चालते. विद्यार्थी वाईट नव्हते. तो समीकरण शिकवणारा मुलगा तर मन लावून शिकवत होता. पण त्याच्या कॉलेजला भेटीचा अहवाल हवा होता आणि आमच्या मुलीला समीकरणाचा उरलेला अर्धा भाग. या दोन गरजांची गाठ कशी घालायची, हा या लेखाचा विषय आहे. आत्ताच तो मांडण्याचे कारण म्हणजे ही गाठ घालण्याची संधी सध्या खरोखर आली आहे, आणि आपण लक्ष दिले नाही तर तीही फोटोतच संपेल.

संधी नेमकी कोणती?

नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत पदवी अभ्यासक्रमाची नवी रचना आली. या धोरणाबद्दल आपल्या चळवळीचे अनेक आक्षेप आहेत आणि त्यातले बरेचसे मला पटतात. पण या रचनेत एक गोष्ट अशी आहे जिचा उपयोग आपण करून घेऊ शकतो. पदवीच्या विद्यार्थ्याला क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभाग यांसाठी क्रेडिट मिळवावे लागतात. प्रत्यक्ष कामाच्या एका क्रेडिटला साधारण ३० तास धरले जातात. म्हणजे दोन क्रेडिटसाठी एका विद्यार्थ्याचे ६० तास.

आता हिशेब करू. एखाद्या मध्यम आकाराच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला ३०० विद्यार्थी असतील, तर त्यांचे एकूण १८,००० तास होतात. दुसरीकडे शाळेतला ४० मुलांचा एक वर्ग घ्या. चार मुलांमागे एक शिकवणारा ठेवला, आठवड्याला तीन तास आणि वर्षातले ३० आठवडे काम केले, तर दहा जणांचे प्रत्येकी ९० म्हणजे ९०० तास लागतात. या हिशेबाने एकटे कॉलेज २० वर्गांना वर्षभर सोबत करू शकते. आपल्या बहुतेक वस्त्यांच्या आसपास आठवी ते दहावीचे इतके वर्गही नसतात.

हा कागदावरचा हिशेब आहे, हे मला कळते. परीक्षा, सुट्ट्या, गळती धरून निम्मे तास वाया गेले, तरी दहा वर्ग उरतात. सध्या हे तास कुठे जातात? एक दिवस स्वच्छता मोहीम, एक दिवस रॅली, एक दिवस शाळाभेट, आणि उरलेले तास फायलीत.

गरज किती मोठी आहे हे सांगायला एकच दाखला पुरे. 'प्रथम' संस्थेच्या २०२३ च्या 'असर' अहवालासाठी २६ राज्यांतल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची पाहणी झाली. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे उदाहरण ४३.३ टक्के जणांनाच सोडवता आले. अकरावी आणि त्यापुढे शिकणाऱ्यांमध्ये विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित या शाखांत मुलगे ३६.३ टक्के होते, तर मुली २८.१ टक्के. हे आकडे जातवार नाहीत आणि शहरी वस्त्यांचेही नाहीत. तरी आपल्या अभ्यासिकेत बसणाऱ्या कुणालाही ते ओळखीचे वाटतील. दहावीनंतर "सायन्स झेपणार नाही" असे म्हणून कला शाखेकडे वळणाऱ्या मुलींपैकी कितीतरी जणींचा भागाकार पाचवीतच राहून गेलेला असतो, आणि पुढे कुणीही मागे वळून तो दुरुस्त केलेला नसतो. कला शाखा कमी दर्जाची मुळीच नाही. मी स्वतः समाजशास्त्राची विद्यार्थिनी आहे. पण आवडीने निवडणे आणि दुसरे दार बंद आहे म्हणून निवडणे, यांत फरक आहे.

मुंबईत घडलेला एक जुना प्रयोग

आपल्या मुलांना विज्ञान का जमत नाही, या प्रश्नाचे उत्तर मुंबईत चाळीस वर्षांपूर्वी शोधले गेले होते. आपल्या तरुणांना ते फारसे माहीत नाही.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आधाराने १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. आज ते मानखुर्दला आहे. सुरुवातीची अनेक वर्षे मात्र ते नाना चौकातल्या महापालिकेच्या शाळेच्या इमारतीत होते. म्हणजे देशातले नामवंत वैज्ञानिक रोज महापालिकेच्या शाळेच्या जिन्याने वर जात होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला या केंद्राने मुंबईच्या महापालिका शाळांतल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांबरोबर काम सुरू केले. एक दिवसाची भेट देऊन ते थांबले नाहीत. निवडलेल्या मुलांना माध्यमिक शाळेची वर्षे संपेपर्यंत नियमित मार्गदर्शन मिळाले. प्रा. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांना एकच गोष्ट तपासायची होती : ही मुले मागे पडतात ती क्षमता कमी म्हणून की आणखी कशामुळे?

त्यांना मिळालेले उत्तर आपण पाठ करून ठेवावे असे आहे. मोठा अडथळा भाषेचा होता. पाठ्यपुस्तकाची मराठी आणि मुलांच्या घरातली मराठी यांत इतके अंतर होते की विज्ञानाची कल्पना कळण्याआधीच मूल वाक्यात अडकत होते. भाषा सोपी केली, बोलण्याची आणि प्रश्न विचारण्याची सवय लावली, हाताने प्रयोग करू दिले, की तीच मुले पुढे जात होती. ज्या काळात राखीव जागांवरच्या विद्यार्थ्यांच्या 'गुणवत्तेवर' उघडपणे टोमणे मारले जात होते, त्या काळात हे काम झाले. गुणवत्तेच्या वादात आपण संताप पुष्कळ मांडतो, हा पुरावाही मांडायला हवा.

दुसरा प्रयोग मध्य प्रदेशातल्या होशंगाबादचा. १९७२ मध्ये १६ शाळांपासून तो सुरू झाला. त्यात टाटा संस्थेतले वैज्ञानिक होते आणि दिल्ली विद्यापीठातले विज्ञानाचे प्राध्यापकही होते. १९७८ पासून तो सगळ्या जिल्ह्यात गेला. मुले गटात प्रयोग करत, शाळेला प्रयोगाचे साहित्य मिळे, शिक्षकांची प्रशिक्षणे आणि महिन्याच्या बैठका होत, परीक्षेत पुस्तक उघडून लिहायला परवानगी असे. कारण तपासायचे होते ते विचार करणे, पाठांतर नव्हे. २००२ मध्ये राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांचे काम एका आदेशाने थांबले.

या दोन प्रयोगांतून मला तीन गोष्टी दिसतात. काम वर्षानुवर्षे चालले तरच फळ देते. शाळेतल्या शिक्षकाला बाजूला सारून काहीही टिकत नाही. आणि असा कार्यक्रम केवळ चांगला असून भागत नाही, तो बंद करू पाहणाऱ्याला अडवणारे पालक आणि समाज त्याच्या मागे उभे असावे लागतात.

बाबासाहेबांचे विद्यापीठ आणि टेकडीखालची वस्ती

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, हे आपल्यातल्या शाळकरी मुलालाही माहीत असते. त्या विद्यापीठाच्या शेजारी काय आहे, हे मात्र आपण क्वचित बोलतो. कोलंबिया उंचावर आहे. मधे मॉर्निंगसाइड पार्कचा उतार, आणि उताराखाली हार्लेम, कृष्णवर्णीयांची प्रसिद्ध वस्ती.

१९६० च्या दशकात विद्यापीठाने या सार्वजनिक बागेत व्यायामशाळा बांधायला घेतली. विद्यापीठाच्या लोकांसाठी वरच्या बाजूने प्रवेश, आणि हार्लेमच्या रहिवाशांसाठी खालच्या बाजूने वेगळे दार, त्यांच्या वाट्याला इमारतीचा लहानसा भाग. वेगळे दार म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. एप्रिल १९६८ मध्ये विद्यार्थी आणि हार्लेमचे रहिवासी या योजनेविरुद्ध उभे राहिले. व्हिएतनाम युद्धाशी असलेल्या विद्यापीठाच्या संबंधांवरही तेव्हाच आंदोलन पेटले. विद्यापीठाच्या इमारती विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतल्या आणि शेवटी ती व्यायामशाळा बागेत झाली नाही.

याच विद्यापीठात त्याआधी तीन वर्षे, १९६५ मध्ये, आणखी एक गोष्ट सुरू झाली होती. तिचे नाव 'डबल डिस्कव्हरी', म्हणजे दुहेरी शोध. आसपासच्या गरीब घरांतल्या, ज्यांच्या कुटुंबात कुणीही कॉलेज पाहिलेले नाही अशा शाळकरी मुलांना कोलंबियाचे विद्यार्थी शिकवू लागले. मुलाला कॉलेजचा शोध लागतो आणि कॉलेजच्या विद्यार्थ्याला त्या मुलाच्या जगाचा, म्हणून दुहेरी. हे काम आजही सुरू आहे. पुढे २००७ मध्ये कोलंबियाच्या सहकार्याने हार्लेममध्ये गणित, विज्ञान आणि अभियांत्रिकीवर भर देणारी एक सरकारी माध्यमिक शाळाही उभी राहिली.

एकच विद्यापीठ वेगळे दारही बांधू पाहते आणि दुहेरी शोधही सुरू करते. त्याने कोणता रस्ता धरावा हे ठरवण्यात खालच्या वस्तीचा आवाज महत्त्वाचा ठरला. बाबासाहेबांचे गुरू जॉन ड्यूई यांनीही कोलंबियाला येण्यापूर्वी, १८९६ मध्ये, शिकागो विद्यापीठात मुलांची प्रयोगशाळा-शाळा काढली होती. विद्यापीठाने शिक्षणाबद्दल सिद्धांत मांडायचे तर मुलांच्या वर्गात उतरायला हवे, हा त्यामागचा विचार. बाबासाहेबांनी स्वतः १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केले. त्याच्याही कितीतरी आधी, बहिष्कृत हितकारिणी सभेच्या काळात, त्यांनी शाळकरी मुलांच्या वसतिगृहापासून सुरुवात केली होती. शाळा आणि कॉलेज ही त्यांच्या दृष्टीने एकाच शिडीची पावले होती.

आपण मराठवाडा विद्यापीठाच्या नावासाठी सोळा वर्षे लढलो. लोकांनी जीव दिले, घरे जळाली, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्या लढ्याचा अर्थ फाटकावरच्या पाटीपुरता नव्हता. ज्या विद्यापीठांवर बाबासाहेबांचे, सावित्रीबाईंचे नाव आहे, त्यांच्या फाटकापासून दोन किलोमीटरवरच्या शाळेतल्या मुलीचा भागाकार ही त्या नावाचीच जबाबदारी आहे, असे म्हणण्याचा हक्क आपण कमावला आहे.

एक रास्त आक्षेप

मी हे बोलते तेव्हा चळवळीतले कार्यकर्ते एक प्रश्न हमखास विचारतात : यातून सरकारला पळवाट नाही का मिळणार? शिक्षकांची पदे रिकामी ठेवायची, शाळा बंद करायच्या किंवा जोडून टाकायच्या, आणि वर म्हणायचे की कॉलेजची मुले येऊन शिकवतात ना!

हा आक्षेप खरा आहे. म्हणून पहिली अट हीच असावी : शाळेच्या वेळेत, शिक्षकाच्या जागी, विद्यार्थी उभा राहणार नाही. त्याचे काम शाळेनंतरचे, शिक्षकाने सांगितलेल्या मुलांबरोबरचे, लहान गटातले. शिक्षक नसेल तर शिक्षकच मागायचा. उलट असेही होते की बाहेरून कुणी नियमित येऊ लागले की रिकामी पदे, बंद पडलेली प्रयोगशाळा, कुलूप लागलेले विज्ञानाचे कपाट या गोष्टींना साक्षीदार मिळतात.

दुसरा आक्षेप आपल्याच मुलांबद्दल आहे. पदवी शिकणारा आपला तरुण सकाळी कॉलेज करून संध्याकाळी डिलिव्हरीचे काम करतो. त्याच्याकडून आणखी फुकट कष्ट का घ्यायचे? यावर उपाय आपल्याच मातीत आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रुजवलेली 'कमवा व शिका' योजना आज अनेक विद्यापीठांत चालते. तीत ग्रंथालय, कार्यालय, बाग अशी कामे दिली जातात. वस्तीतल्या शाळेत शिकवणे हेही त्यातले काम धरावे, क्रेडिटच्या तासांपलीकडे केलेल्या कामाचे मानधन द्यावे. मग आपला तरुण रात्री उशिरापर्यंत पार्सल पोचवण्याऐवजी आपल्याच भावंडांना गणित शिकवून चार पैसे मिळवेल. या कामासाठी तोच सगळ्यात योग्य आहे, कारण मुलाच्या घरातली मराठी त्याला येते. महापालिका शाळांतल्या त्या प्रयोगाने भाषेबद्दल जे सांगितले, ते इथे उपयोगी पडते.

आपण काय मागायचे?

नुसती टीका करून कॉलेज बदलत नाही. माझ्या अनुभवातून पाच मागण्या लिहिते. कोणत्याही कॉलेजकडे, विद्यापीठाकडे त्या लेखी द्याव्यात.

१. शाळेशी किमान तीन वर्षांचा लेखी करार. विद्यार्थी बदलतील, पण कॉलेज तेच राहील आणि जबाबदार प्राध्यापकाचे नाव शाळेत लावलेले असेल.

२. एका विद्यार्थ्याकडे तीच चार मुले वर्षभर. दर आठवड्याला ठरलेला दिवस आणि वेळ. क्रेडिट हजेरीवर आणि मुलांच्या प्रगतीच्या नोंदीवर मिळावे, फोटोवर नाही.

३. शिकवण्याआधी विद्यार्थ्यांना प्रशिक्षण. त्यात गणित-विज्ञान सोपे करून सांगणे तर हवेच, पण मुलाला आडनाव, वडिलांचा धंदा, घर कुठले हे विचारू नये, मुलांना 'बिचारे' समजू नये, पालकांच्या परवानगीशिवाय त्यांचे फोटो काढू नयेत, हेही हवे.

४. कॉलेजची प्रयोगशाळा शाळेतल्या मुलांना महिन्यातून एकदा खुली. सूक्ष्मदर्शकाचे चित्र पुस्तकात पाहणे आणि आपल्या केसाचे टोक त्याखाली पाहणे यात किती अंतर आहे, हे ज्याने पाहिले त्यालाच कळते.

५. शाळेतल्या विज्ञान आणि गणिताच्या शिक्षकांना कॉलेजच्या ग्रंथालयात प्रवेश आणि दर सत्राला प्राध्यापकांबरोबर बैठक.

या मागण्या द्यायच्या कुणाकडे? शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. आपल्या वस्तीतल्या किती जणांना आपण या समितीत आहोत हे ठाऊक आहे? पहिला ठराव तिथून व्हावा. दुसरीकडे विद्यापीठाची अधिसभा आहे. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानुसार तिच्यात नोंदणीकृत पदवीधरांतून दहा सदस्य निवडून जातात. विद्यापीठाचा अर्थसंकल्प तिथे मांडला जातो. आपल्यात पदवीधर हजारोंनी आहेत, पण मतदार म्हणून नोंदणी केलेले किती? ही नोंदणी करणे आणि उमेदवाराला 'आमच्या शाळांसाठी तरतूद किती?' हा प्रश्न विचारणे, एवढे तर आपल्या हातात आहे.

विहारांचे काम

शेवटचा मुद्दा आपल्या घरचा. कॉलेज यायला तयार असते तेव्हा अनेकदा जागाच नसते. शाळा संध्याकाळी बंद होते, आणि घरात दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे. वस्तीत उजेड, पंखा आणि सतरंजी असलेली एकच सार्वजनिक जागा असते, ती म्हणजे विहार. आठवड्यातले दोन दिवस संध्याकाळी सहा ते साडेसात विहार मुलांना दिले, दारात कुणी दोन आया बसल्या, तर मुली निर्धास्त येतात. हे मी पाहिले आहे.

आणि विहारात विज्ञान शिकवणे यात काही परके नाही. ऐकीव म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून स्वीकारू नका, स्वतः तपासा, हे कालामांना तथागतांनी सांगितले. 'एहि पस्सिको', या आणि पाहा, हे धम्माचे वर्णन आहे. संविधानाच्या कलम ५१-क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून लिहिले आहे. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदावर साबणाचा थेंब टाकला की तो लाल होतो. आठवीतल्या मुलांनी हे विहारात करून पाहिले, तेव्हा एका आजीने विचारले, "मग पातळावरचा हळदीचा डाग साबणाने लाल होतो, ते यामुळंच का?" त्या दिवशी मुलांनी आजीला शिकवले.

आमच्या विहारात या जूनपासून मंगळवार आणि शुक्रवारी वर्ग सुरू झाला आहे. आसपासच्या कॉलेजांतले सहा विद्यार्थी येतात. त्यातले चार याच वस्तीत वाढलेले आहेत. अजून कुठल्याही कॉलेजने करार केलेला नाही, क्रेडिट मिळालेले नाहीत. दोन ठिकाणी आमची पत्रे पडून आहेत आणि आम्ही दर महिन्याला जाऊन विचारतो. समीकरण अर्धे राहिलेली ती मुलगी आता दहावीत आहे. समीकरण पूर्ण झाले. आता ती भूमितीत अडली आहे आणि शुक्रवारी येणारी ताई तिला ती शिकवते आहे.

तुमच्या वस्तीच्या सर्वांत जवळचे कॉलेज कोणते आहे? या आठवड्यात तिथे जा, राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटा आणि विचारा : तुमच्या विद्यार्थ्यांचे साठ तास यंदा कुठे जाणार आहेत?

जय भीम. नमो बुद्धाय.